मामांचा १८७० सालचा कप

तारा गेल्या, खांब गेले. खांबांवरचे चिनी मातीचे कप मात्र कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या अंगणात, कुणा भंगारवाल्याच्या पोत्यात अजून सापडतात. त्यांचं खरं वय ओळखायचं कसं?

जबलपूरला मामांच्या बैठकीत शिरलं की डाव्या हाताच्या टेबलावर एक पांढराशुभ्र चिनी मातीचा कप दिसतो. पितळी कड्यात उलटा बसवलेला. मधल्या भोकात मामांचं पेन उभं, भोवतीच्या गोल खाचेत टाचण्या आणि रबर. कड्यावर चिकटवलेली, पिवळी पडलेली चिठ्ठी: 'जी.आय.पी. रेल्वे, पहिली तारेची लाइन, १८७०'. आम्ही भाचरं लहानपणापासून हा कप लांबूनच बघत आलो. हात लावायची सोय नव्हती. मामांचे वडील रेल्वेत तारखात्याच्या कामावर होते आणि हा कप त्यांनी घरी आणला होता, एवढं आम्हाला ठाऊक.

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा मामांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. "अगं, तू पत्रकार ना? जरा भाषा बघून दे."

एका वस्तुसंग्रहालयाला लिहिलेलं पत्र होतं ते. मामा आता ऐंशीचे झाले. आपल्यामागे मुलं हा कप कुठे टाकतील याची त्यांना काळजी. त्यापेक्षा योग्य जागी देऊन टाकावा, असा विचार. पत्रात लिहिलं होतं की मार्च १८७० मध्ये जबलपूरला जी.आय.पी. आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे जोडल्या गेल्या, मुंबई ते कलकत्ता सलग गाडी सुरू झाली आणि सदर कप त्याच वेळच्या तारेच्या खांबावरचा आहे. पहिली दोन वाक्यं इतिहासाची, ती बरोबरच. तिसऱ्यावर माझं बोट थबकलं.

"मामा, हा तेव्हाचाच, हे कशावरून?"

"बाबांनी सांगितलं म्हणून!" मामांचा आवाज जरा चढलाच. आतून मामीने चहा आणला आणि विषय बदलला.

पण माझ्या डोक्यातून तो कप जाईना. परत आल्यावर महिनाभर मी जमेल तिथून वाचलं आणि एक नवंच जग समोर आलं. या कपांना इंग्रजीत इन्सुलेटर म्हणतात हे आपल्याला माहीत असतं. जगात हजारो माणसं ते जमवतात, त्यांचं वय काढतात आणि त्यावर तासन्‌तास वाद घालतात, हे मला तरी माहीत नव्हतं.

कप करतो काय?

तारेतून जाणारी वीज ओल्या खांबावाटे जमिनीत उतरू नये, एवढंच याचं काम. चिनी मातीतून वीज जात नाही. पण पावसाचं पाणी तिच्यावरून ओघळलं की त्या पाण्याच्या थरातून ती वाट काढते. म्हणून कपाचा आकार घंटेसारखा. वरून पाऊस पडला तरी घंटेच्या आतली बाजू कोरडी राहते आणि विजेची वाट तिथे तुटते. १८५६ साली लॅटिमर क्लार्क या इंग्रज इंजिनियरने एका घंटेच्या आत दुसरी घंटा अशी दुहेरी रचना काढली. बाहेरची भिजली, तरी आतली कोरडी. मामांच्या टाचण्या ज्या गोल खाचेत राहतात, ती म्हणजे या दोन घंटांमधली जागा. आपल्याकडे तिथे टाचण्यांऐवजी कोळी आणि गांधीलमाश्या बिऱ्हाड करतात, हा भाग वेगळा.

दुहेरी घंटा दिसली म्हणजे वस्तू १८५६ नंतरची. पण हा आकार पुढे शंभर वर्षं चालला, त्यामुळे एवढ्यावर वय ठरत नाही. नवशिके इथेच फसतात. जुना आकार दिसला की वस्तू जुनी, असं धरून चालतात.

आधी भोकात बघा

अनुभवी संग्राहक कप हातात आला की आधी तो उलटा करतो आणि मधल्या भोकात बॅटरी मारतो.

सुरुवातीच्या काळात लोखंडी खिळा कपात सिमेंट किंवा तसलंच काही भरून कायमचा पक्का केलेला असे. अशा कपाचं भोक आतून गुळगुळीत किंवा नुसतंच खरबरीत असतं, कधी सिमेंटचे अवशेष चिकटलेले असतात. यात अडचण अशी, की कप फुटला तर खिळाही बाद. १८७७ साली इंग्लंडमध्ये कॉर्डो यांनी पेटंट घेतलं ते आट्यांच्या कपाचं. भोकात जाड आटे, खिळ्यालाही तसेच आटे, मध्ये रबराची एक कडी. कप फिरवून बसवायचा, फुटला की फिरवून काढायचा आणि त्याच खिळ्यावर नवा चढवायचा. ब्रिटिश पद्धतीच्या तारांवर हीच रीत रुळली.

अमेरिकेत आटे आधीच आले होते. तिथे खिळा बहुधा लाकडी असे आणि कप बहुधा काचेचा. लुई कोव्हे यांनी १८६५ साली आट्यांचं पेटंट घेतलं. त्यामुळे तिकडे बिनआट्याचा कप मिळाला तर संग्राहकाच्या घरी दिवाळीच.

हे वाचलं आणि मला मामांच्या टेबलावरचं पेन आठवलं. मी फोन केला. "मामा, पेन काढून भोकात बोट घाला. आत काय लागतंय?"

थोडा वेळ शांतता. मग, "स्क्रूसारखं लागतंय."

झालं! ब्रिटिश घडणीचा, आट्यांचा कप १८७७ च्या आधीचा असणार नाही. १८७० गेलं.

मामा सहजी हार मानणारे नव्हेत. म्हणाले, "आटे मागाहून पाडले असतील." त्यालाही उत्तर आहे. आटे पाडायचे ते कच्च्या मातीत. भट्टीतून निघालेलं पोर्सिलीन इतकं कठीण असतं, की मागाहून त्यात आटे कोरले तर कडा तुटक्या आणि खरखरीत दिसतील. मूळच्या आट्यांच्या कडा गोलसर असतात.

पितळी कड्याखाली दडलेलं

भोकानंतर शिक्का. तो घंटेच्या बाहेरच्या अंगावर, डोक्यावर किंवा खोबणीच्या खाली असतो. दोन प्रकार लक्षात ठेवावेत. एक, ओल्या मातीत दाबून खोल उठवलेला. यावर झिलई चढलेली असते, त्यामुळे तो नंतर कुणाला घालता येत नाही. दुसरा, रंगाने छापलेला. तो झिलईच्या खाली असेल तर विश्वासाचा. वर असेल, नखाला लागत असेल किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसला जात असेल, तर सावध राहावं.

शिक्क्यात कारखान्याचं नाव असतं. भारतात सापडणाऱ्या जुन्या ब्रिटिश कपांपैकी अनेकांचा जन्म स्टॅफर्डशायरमधल्या हॅन्ले गावचा. बुलर्स आणि टेलर टनिक्लिफ ही तिथली दोन मोठी नावं. 'टी टी' अशी अक्षरं दिसली तर ती दुसऱ्या कंपनीची. डर्बीशायरमधल्या डेन्बीच्या बोर्न कंपनीचे आणि लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या डोल्टनचे कप तपकिरी असतात. ते खरं तर पोर्सिलीन नव्हे, दगडी भांड्यांची माती. भट्टीत मीठ टाकून त्यांना झिलई देत. तिची कांती संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळ्यांची दिसते. आपल्या लोणच्याच्या जुन्या बरण्या आठवा, त्याच कुळातल्या त्या.

नावापेक्षाही नावाभोवतीचे शब्द जास्त बोलतात. बुलर्सच्या नावापुढे 'लिमिटेड' असेल तर कप १८९० नंतरचा, कारण कंपनी त्या रूपात तेव्हा आली. 'मेड इन इंग्लंड' असे पूर्ण शब्द बहुधा विसाव्या शतकातले. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून देशाचं नाव छापायची रीत पसरली. 'मेड इन' हे त्याच्याही नंतर रुळलं. जपानी मालावर आधी 'निप्पॉन' आणि १९२१ नंतर 'जपान' असं येतं. एन.जी.के. ही नागोयाची प्रसिद्ध कंपनी १९१९ सालची. त्याआधीचा एन.जी.के. कप कुणी विकायला आणला तर हसून चहा पाजावा, पैसे देऊ नयेत.

भारतीय अक्षरांसाठी आपला इतिहास कामी येतो. जी.आय.पी. किंवा बी.बी.सी.आय. अशी रेल्वेची अक्षरं असतील तर वस्तू नोव्हेंबर १९५१ च्या आधीची. त्या महिन्यात या दोन्ही कंपन्यांची नावं जाऊन मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या. टपाल आणि तार ही दोन खाती १९१४ साली एकत्र आली आणि १९८५ च्या सुरुवातीला पुन्हा वेगळी झाली. म्हणून 'पी अँड टी' असं असेल तर मधल्या सत्तर वर्षांतलं. आय.एस.आय.चा शिक्का असेल तर कप स्वातंत्र्यानंतरचाच, कारण ती संस्था १९४७ ची आणि मालावर शिक्का देणं सुरू झालं १९५५ मध्ये.

बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण दिसली तर ती ब्रिटिश सरकारच्या मालमत्तेची. ती शतकानुशतकं वापरात होती, त्यामुळे मालक कळतो, वय कळत नाही.

आणि कधी कधी सरळ वर्षच छापलेलं असतं. ब्रिटिश कपांवर ते पुष्कळदा सापडतं. मग एवढा खटाटोप कशाला, असं वाटेल. पण शिक्का झिजलेला असतो, अर्धा उठलेला असतो, किंवा आमच्या मामांच्या कपासारखा पितळी कड्याच्या आत लपलेला असतो.

या सगळ्यात नियम एकच: वस्तूवरची सगळ्यात नवी खूण तिचं वय ठरवते. दहा खुणा १८६० च्या आणि एकच १९२१ ची असेल, तर वस्तू १९२१ नंतरची. आपल्या घरांतल्या जुन्या वस्तूंबाबत आपण नेमकं उलट करतो. सगळ्यात जुनी खूण धरतो आणि बाकीच्यांकडे काणाडोळा करतो.

शाईचा एक थेंब

कपाचा एखादा टवका उडालेला असेल तर वाईट वाटून घेऊ नका; तिथे माती उघडी दिसते. त्या उघड्या भागावर शाईचा थेंब टाका. मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसा. डाग निघून गेला, तर माती पुरेशी भाजून काचेसारखी घट्ट झालेली आहे. डाग आत मुरला, तर माती सच्छिद्र.

यामागे कारखान्याची गोष्ट आहे. चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड हे पोर्सिलीनचे तीन घटक. ते थोड्याशा ओलाव्यावर साच्यात दाबून काढले की माल झटपट निघतो, पण आत बारीक पोकळ्या राहतात. घरातल्या वायरिंगला असे तुकडे चालतात. जुन्या वाड्यांमधल्या लाकडी पट्ट्यांवरच्या चिनी मातीच्या क्लीट आठवतात का? किंवा मीटरखालचा किटकॅट फ्यूज? मोठ्या दाबाच्या विजेला मात्र हे चालत नाही, त्या पोकळ्यांतून वीज कप फोडून निघते. त्यासाठी ओल्या मातीचा लगदा मळून, घडवून, सावकाश वाळवून भाजावा लागतो.

अमेरिकेत हे मोठ्या दाबाचं पोर्सिलीन उभं करणाऱ्यांत फ्रेड लॉक यांचं नाव पहिलं घेतात. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हिक्टर गावचे हे गृहस्थ. त्यांच्या काळातले काही मोठे कप दोन-तीन तुकड्यांचे आहेत आणि ते तुकडे भट्टीतच झिलईने एकमेकांना चिकटवलेले आहेत. पुढे तुकडे सिमेंटने जोडू लागले. त्यामुळे झिलईचा जोड दिसला की संग्राहकाचे डोळे चमकतात.

१९०७ मध्ये ह्यूलेट आणि बक या दोघांनी थाळ्यांची माळ काढली. दाब वाढला की कप मोठा करत बसायचं नाही, माळेत थाळ्या वाढवायच्या. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून मुंबईला सुमारे एक लाख व्होल्टची वीज येऊ लागली, ते या शोधानंतर आठच वर्षांनी. आजही गाडीतून जाताना मनोऱ्यावरच्या माळेतल्या थाळ्या मोजून बघा. नऊ-दहा असतील तर लाइन बहुधा १३२ केव्हीची, तेरा-चौदा असतील तर २२० ची. मुलांना लांबच्या प्रवासात हा खेळ फार आवडतो. आमच्या घरी तरी भांडणं कमी झाली.

आकड्यांची भाषा

अमेरिकेत १९६० च्या सुमारास जुन्या तारा उतरू लागल्या आणि रुळांच्या कडेला पडलेले कप लोक उचलून नेऊ लागले. नावं कशी द्यायची, हा पहिला प्रश्न. एकच आकार दहा कंपन्यांनी काढलेला. वुडवर्ड नावाच्या संग्राहकाने काचेच्या कपांच्या आकारांना 'सीडी' क्रमांक दिले आणि जॅक टॉड यांनी पोर्सिलीनच्या कपांना 'यू' क्रमांक. अनेक तुकडे जोडून केलेल्या मोठ्या कपांना 'एम'. टॉड यांचं मार्गदर्शक पुस्तक १९७१ चं. १९७३ मध्ये तिथे संग्राहकांची राष्ट्रीय संघटनाही झाली. आता एकाने दुसऱ्याला नुसता क्रमांक सांगितला की आकार डोळ्यांपुढे येतो.

मात्र हे क्रमांक मुख्यतः अमेरिकन मालाचे. आपल्याकडच्या ब्रिटिश, जपानी, जर्मन आणि देशी कपांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. देशी कपांचं काम तर अजून व्हायचंच आहे, असं माझं मत. बंगळूरचा सरकारी पोर्सिलीन कारखाना, जो पुढे १९७६ साली 'भेल'मध्ये आला, रांचीजवळचा नामकूमचा कारखाना, बंगालमधलं रिश्रा. यांचे जुने शिक्के कुणीतरी ओळीने मांडायला हवेत. हा माल अजून भंगारात स्वस्तात मिळतो, म्हणून त्याची किंमत नाही.

घ्यायचे असतील तर पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार किंवा आपापल्या गावचा भंगारवाला. कप हातात घेऊन बोटाच्या पेराने हलकेच वाजवावा. अखंड कप टणकन वाजतो. तडा असेल तर आवाज बसका येतो. टवके भरून वरून रंग दिलेला असेल तर तो भाग हाताला कमी गार लागतो. घरी आणल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. गंजाचे डाग लिंबाच्या रसाने बरेच निघतात. घासायची पावडर वापरू नका, छापलेला शिक्का जायचा. उकळतं पाणी तर नकोच.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. उभ्या खांबावरचा कप आपला नसतो. तार 'मेलेली' दिसते, पण ती तशी आहे हे खालून कळत नाही. कपासाठी खांबावर चढणं म्हणजे जिवाशी खेळ. रेल्वेच्या हद्दीत पडलेला तुकडासुद्धा रेल्वेचा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि 'छंद' हे त्यातलं उत्तर नव्हे. लिलावातून माल घेतलेल्या व्यापाऱ्याकडून पावती घ्यावी आणि जपून ठेवावी.

मामांची चिठ्ठी

संक्रांतीला मी पुन्हा जबलपूरला गेले. मामांनी स्वतःच पितळी कडं काढायला घेतलं. सत्तर वर्षांचा पॉलिशचा थर, निघता निघेना. शेवटी मामीने खोबरेल तेल सोडलं आणि ते फिरलं.

कपाच्या डोक्याजवळ, काळ्या मळाखाली, मातीत दाबलेला शिक्का होता. मी ओल्या बोळ्याने पुसला. बुलर्स लिमिटेड. मेड इन इंग्लंड. खाली चार आकडे: १९३८.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. भिंग घेऊन तेच चार आकडे पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मला वाटलं, कशाला या भानगडीत पडले मी? एक निरुपद्रवी आठवण होती त्यांची. मी घाईघाईने सांगू लागले की लाइन १८७० ची असूही शकेल, आट्यांच्या कपाची खुबीच ती, खांब आणि खिळे जुने राहतात आणि वरचा कप बदलत जातो, वगैरे.

"तुझे आजेसासरे कामाला कधी लागले?" मामीने मध्येच विचारलं. मला नव्हे, मोठ्या सुनेला. सुनेला काय माहीत! मामीनेच कपाटातून पत्र्याची डबी आणली. आत घडी पडलेला नेमणुकीचा कागद होता. जी.आय.पी. रेल्वे, तार विभाग, खलाशी, जानेवारी १९३९.

"ते पहिली लाइन म्हणायचे, ती त्यांची स्वतःची पहिली लाइन असेल," मामी म्हणाली. "१८७० कुणी म्हटलं?"

मामा आठवू लागले. वडील 'माझ्या पहिल्या लाइनीवरचा' म्हणत, की 'पहिल्या लाइनीवरचा'? वडील गेले तेव्हा मामा कॉलेजात होते. चिठ्ठी त्यानंतरची आणि १८७० हा आकडा मामांनीच शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातून घातलेला, असं त्यांचं त्यांनाच हळूहळू आठवलं. मामीचं म्हणणं बरोबर आहे, असं सिद्ध करता येणार नाही. कप १९३८ साली इंग्लंडमध्ये झाला, त्यानंतर कधीतरी हिंदुस्थानात आला, कामावर १९३९ मध्ये लागलेल्या एका खलाशाच्या हाती लागला, एवढंच खात्रीने म्हणता येतं. कपाच्या खोबणीत तारेने पडलेली एक बारीक करडी रेघ आहे. म्हणजे तो काही काळ तरी खांबावर होता.

वस्तुसंग्रहालयाचं पत्र मामांनी फाडलं नाही, घडी करून त्याच डबीत ठेवलं. जुनी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. मग मला म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे. लिही. बुलर्स, १९३८." मी लिहिलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, चष्मा पुसला, आणि खाली स्वतःच्या थरथरत्या हाताने आपल्या वडिलांचं नाव घातलं.

कडं पुन्हा बसवलेलं नाही. कप आता सुलटा, खांबावर असतो तसा ठेवला आहे. टाचण्या कुठे ठेवायच्या, हा प्रश्न मामीच्या घरी अजून सुटलेला नाही.